शॉर्ट सरांचं संरक्षणशास्त्र

शॉर्ट सरांची उंची सहा फूट होती. नावाचा उंचीशी काही संबंध नाही. आमच्या प्रशिक्षण केंद्रात माणसाला तो जे शिकवतो त्यावरून ओळखायची पद्धत होती. हिशेब शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताळेबंद बाई म्हणत, आणि पुढेपुढे त्याही फोनवर स्वतःची तशीच ओळख करून देऊ लागल्या. सरांनी चौदा वर्षं एकच गोष्ट शिकवली : संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये शॉर्ट सर्किट झालं तरी संगणकाचं काही बिघडत नाही.

एकच म्हणजे खरोखरच एकच. 'संगणक ओळख व देखभाल' हा त्यांचा वर्ग कागदोपत्री बारा दिवसांचा होता. पहिले अकरा दिवस प्रशिक्षणार्थी संगणकाशी आपापली ओळख करून घेत, आणि सर खिडकीशी बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत. बाराव्या दिवशी ते उठत.

उठत म्हणजे तो सोहळाच असे. आधी चष्म्याची एक जुनी डबी बाहेर यायची. आत निळ्या मखमलीवर वीतभर केबल झोपलेली. केबलच्या एका टोकाला यूएसबीची पिन. दुसऱ्या टोकाला आतली लाल आणि काळी तार सोलून एकमेकींत घट्ट पिळलेली, वर काळी टेप. हिला सर गुरुकिल्ली म्हणत. ती कुठलंही कुलूप उघडत नसे, पण नाव ठेवायला त्याची गरज नसते.

"पोर्ट म्हणजे काय?" सर विचारत. उत्तरही तेच देत. "पोर्ट म्हणजे दार. दारातून चोर आला तर?" मग सर गुरुकिल्ली पोर्टात खुपसत. दोन क्षणांत पडद्याच्या कोपऱ्यात मेसेज उगवे, की या पोर्टातून प्रमाणाबाहेर वीज ओढली जात आहे, सबब पोर्ट बंद करण्यात आला आहे. सर गुरुकिल्ली उपसून घेत, मखमलीवर ठेवत आणि वर्गाकडे वळून म्हणत, "बघितलंत? माणसापेक्षा मशीनला अक्कल जास्त."

यावर टाळ्या पडत. माझं टेबल त्या वर्गाच्या आणि संचालकांच्या दालनाच्या मधोमध, व्हरांड्यात. आस्थापनेचे कागद टाइप करणं हे माझं काम. महिन्यातून दोनदा या हिशोबाने मी ते वाक्य तीनशेच्या वर वेळा ऐकलं आहे. सुरुवातीची काही वर्षं टाळ्याही वाजवल्या आहेत. हे मी लपवत नाही.

सर मुळात टायपिंगचे मास्तर. टाइपरायटर टेंपोत भरून भंगारात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर सरही जातील अशी काहींना आशा होती. पण सरांची नोकरी कायम होती आणि टाइपरायटरची नव्हती. केंद्राने त्यांना आणि ताळेबंद बाईंना दोन दिवसांच्या कार्यशाळेला धाडलं. तिथे एका इंजिनियरने चाळीस मिनिटं फळ्यावर आकृत्या काढून, वीज कुठून येते, कुठे अडते, कोण अडवतं, हे समजावलं आणि शेवटी ही केबल लावून तो मेसेज दाखवला. "हे चहाला गेले आणि टाळ्यांना परत आले," ताळेबंद बाई सांगत. चौदा वर्षांत त्यांनी मला हे अनेकदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी एवढंच सांगितलं. त्या अशाच मोजक्या बोलत.

म्हणजे सरांच्या हाती दोन टोकं लागली होती : इकडे केबल, तिकडे मेसेज. मधली चाळीस मिनिटं त्यांनी स्वतःच्या बुद्धीने भरून काढली. त्यांचा सिद्धांत असा, की संरक्षण मेसेज करतो. मेसेज आला की करंट दचकतो आणि थांबतो. 'दचकतो' हा त्यांचाच शब्द. प्रशिक्षणार्थी तो वहीत लिहून घेत. अंतिम परीक्षेत दोन गुणांना प्रश्न असे, 'पोर्टचे संरक्षण कोण करते?' आणि उत्तर असे, 'मेसेज'. एकदा एका रुग्णालयातून आलेल्या एक्स-रेवाल्याने 'फ्यूज' असं लिहिलं. सरांनी त्याचे दोन्ही गुण कापले आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'वर्गात लक्ष नव्हते'.

घरी त्यांची काय प्रतिष्ठा होती ते मी एकदा पाहिलं. कसल्याशा कागदावर सही आणायला गेलो होतो. स्वयंपाकघरातला दिवा गेलेला आणि वहिनी टॉर्च दातांत धरून कणीक मळत होत्या. मी म्हटलं, "सरांना सांगायचं ना." त्यांनी टॉर्च तोंडातून काढली. "सांगितलं होतं. त्यांनी दिव्याबद्दल पाऊण तास सांगितलं. मग मी टॉर्च घेतली." सर बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या लॅपटॉपला गुरुकिल्ली लावून दाखवत होते. पाहुण्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

असा हा माणूस. त्याच्याने कुणाचं भलं झालं नाही. वाईटही झालं नाही, कारण वाईट व्हायलाही काहीतरी करावं लागतं. बारा दिवस, चष्म्याची डबी, टाळ्या. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि तीही अशीच निघून गेली असती. पण सात नंबरच्या मशीनवर ऑपरेटर बाई बसत.

ऑपरेटर बाईंचं काम म्हणजे येणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याची माहिती भरायची, कॅमेऱ्याने फोटो काढायचा, ओळखपत्र आणि शेवटी प्रमाणपत्र छापायचं. म्हणजे केंद्रात जे काही प्रत्यक्ष घडत होतं, ते सात नंबरवर घडत होतं. त्यांची नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. अकरा महिने झाले की एक दिवस घरी, की पुन्हा अकरा महिने. असे नऊ करार झाले होते. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आणि कॉलेजातली मुलगी, कमावणाऱ्या बाई एकट्या. त्या वर्षी केंद्राला ऑपरेटरची एक कायम जागा मंजूर झाली. अट वयाची होती, पंचेचाळीस. बाईंना पंचेचाळीस पूर्ण व्हायला पाच महिने होते. तपासणी समिती येणार, विभागप्रमुखाचा शेरा बघणार, नावावर ठपका नसेल तर कायम करणार. हुकलं की हुकलंच. विभागप्रमुख अर्थातच शॉर्ट सर.

बाईंना एक खोड होती. त्या सगळं लिहून ठेवत. सात नंबरशेजारी तक्रारवही असे आणि तीत तारीख, वेळ, तक्रार, खाली सही. त्यांच्या कॅमेऱ्याची केबल पिनेपाशी चिरली होती. जराशी वाकली की आतल्या तारा एकमेकींना टेकत, मेसेज येई, पोर्ट बंद पडे आणि मशीन पुन्हा चालू करावं लागे. समोर फोटोसाठी केस सारखे करून बसलेला माणूस तसाच श्वास धरून बसे. बाई वहीत लिहीत, 'पोर्ट बंद. केबल खराब आहे. केबल बदलावी.' असं त्यांनी तेवीस वेळा लिहिलं.

सर प्रत्येक नोंदीवर 'पाहिले' असा शेरा मारत. एकदा बाई वही घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्याच राहिल्या.

"सर, केबल."

"बाई, मशीन ओरडतंय ना? ओरडतंय म्हणजे जिवंत आहे. काळजी कधी करायची? ओरडायचं थांबलं की."

आयुष्यात चुकून बरोबर बोललेलं त्यांचं हे एकमेव वाक्य. ते त्यांच्याच ध्यानात राहिलं नाही.

कारण महिन्याभरात मुख्य कार्यालयाचं पत्र आलं : ज्या विभागाच्या वहीत तिमाहीभर एकही तक्रार नसेल त्याला 'आदर्श विभाग' असं प्रमाणपत्र मिळेल आणि ते समितीच्या हस्ते दिलं जाईल. पत्र मीच सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, मग वही मागवली आणि पानं उलटून बघितली. साध्या माणसाने केबल बदलली असती. सरांनी मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिक म्हणजे देखभालीचं कंत्राट असलेल्या दुकानाचा पन्नाशीचा माणूस. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर, आणि बोलणं असं की जणू प्रत्येक शब्द दुकानात परत जमा करायचा आहे. त्याने सात नंबर उघडलं, भिंगातून बघितलं.

"पोर्ट बरोबर आहे, साहेब. केबल खराब आहे."

"केबलचं मी विचारलं नाही. हा पोर्ट बंद पडायला नको."

"तो बंद पडतो म्हणूनच मशीन वाचतंय."

"मशीनचं मशीन बघून घेईल. त्याला मेसेज आहे."

मेकॅनिकने बाईंकडे बघितलं. बाईंनी छताकडे बघितलं.

"मग हा काढावा लागेल," मेकॅनिक म्हणाला आणि त्याने चिमट्याच्या टोकाने बोर्डावर एक काळपट तुकडा दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढा, त्यातही कणीचाच म्हणा. "काढून मधे तार टाकतो. मग कधीच बंद पडणार नाही. पण जॉबकार्डावर तुमची सही लागेल, साहेब. मी माझ्या मनाने करत नाही हे."

सरांनी वाकूनही बघितलं नाही. सहा फुटांवरून बघितलं. "एवढ्याशा कणीने काय होतंय," ते म्हणाले आणि सही केली. जॉबकार्डावर कामाचं स्वरूप त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं, 'पोर्ट कायमस्वरूपी चालू करणे.' सरांचं अक्षर फार सुरेख होतं. त्यात कुणी दोष काढू शकणार नाही.

मेकॅनिकने तुकडा सोडवला, जागेवर केसासारखी तार डकवली, झाकण लावलं. जाताना बाईंना हळूच म्हणाला, "ताई, ती केबल आता लावू नका. आधी पोर्ट बंद पडायचा. आता आग लागेल." बाईंनी त्याच दिवशी घरून मुलीच्या जुन्या कॅमेऱ्याची केबल आणली आणि चिरलेली केबल कचऱ्यात टाकली. मेकॅनिक टेबलावर विसरून गेलेली कणी मात्र त्यांनी कचऱ्यात टाकली नाही. तक्रारवही उघडली, तारीख घातली, 'सात नंबरमधून काढलेला भाग, सरांच्या सांगण्यावरून' असं लिहिलं आणि कणी त्या ओळीखाली चिकटटेपने चिकटवून टाकली. ही तक्रार नव्हती, नोंद होती. त्यामुळे ती कुणी मोजली नाही.

पुढे तिमाहीभर वही कोरी. बाईंनी आणलेल्या केबलला काही झालं नाही, पोर्ट बंद पडला नाही, तक्रार आली नाही. सर व्हरांड्यातून जाता-येता मला सांगत, "व्यवस्थापन म्हणजे दुसरं काय असतं?" भिंतीवर प्रमाणपत्रासाठी खिळा ठोकून झाला. प्रमाणपत्र अजून यायचं होतं, खिळा आधी.

समिती आली. तिघं जण, दोघं चहाकडे लक्ष ठेवणारे आणि एक अध्यक्षबाई, हातात स्वतःची वही असलेल्या. सरांनी नवा शर्ट घातला होता, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. प्रात्यक्षिक नेहमीप्रमाणे त्यांच्या टेबलावरच्या एक नंबरवर व्हायचं होतं. पण अध्यक्षबाई खोलीभर फिरल्या, सगळ्यात नीटनेटकं टेबल कुठलं ते त्यांनी बघितलं आणि सात नंबरसमोर थांबल्या.

"इथेच दाखवा की. सगळीकडे संरक्षण सारखंच असेल ना?"

"अर्थात," सर म्हणाले.

ऑपरेटर बाई खुर्चीवरून उठल्या. "सर, ह्याच्यावर नको. ह्याची ती कणी काढलीय."

"बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा."

"सर, मेकॅनिकने सांगितलंय, ह्याला आता..."

"बाई," सर समितीकडे बघून हसले, "आमच्या ऑपरेटरांना मशीनची फार माया. तुम्ही पाणी आणता का सगळ्यांना?"

बाई पाणी आणायला गेल्या नाहीत. त्यांनी फक्त स्वतःची पर्स आणि तक्रारवही टेबलावरून उचलली आणि दोन पावलं मागे सरकल्या. जाणत्या माणसाने एवढ्यावरून ओळखलं असतं.

डबी उघडली. मखमल दिसली. पोर्ट म्हणजे काय, पोर्ट म्हणजे दार, दारातून चोर आला तर. सरांनी गुरुकिल्ली खुपसली आणि सवयीने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

कोपऱ्यात काही आलं नाही.

"येईल," सर म्हणाले.

आधी वास आला. मग गुरुकिल्लीवरची काळी टेप फुगल्यासारखी दिसली आणि तिच्या कडेने धुराची एक बारीक रेघ सरळ वर गेली. समितीतल्या दोघांनी चहाचे कप खाली ठेवले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "काढा ती."

"येईल, येईल. मेसेज येतोय."

आणि त्यांनी ती काढली नाही. इथे मला न्यायाला धरून एक सांगायला हवं. केबल त्यांच्या बोटांत तापत होती, वेष्टण वितळत होतं, आणि तो माणूस ती पिन पोर्टात दाबून धरून मेसेजची वाट बघत उभा होता. चौदा वर्षं तो जे सांगत आला, ते त्याला स्वतःला खरं वाटत होतं. आमच्या केंद्रात असं दुसरं कुणी मी बघितलेलं नाही. म्हणून त्याचं कौतुक करावं असं नव्हे. गाढवही पाण्याच्या टाकीशी तितक्याच श्रद्धेने उभं राहतं.

मग पडदाच गेला. आतून टक् असा आवाज आला आणि मशीनच्या पंख्याने शेवटचा श्वास सोडला. बाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं. सरांच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर केबलचा काळा ठसा उमटला होता.

दुपारपर्यंत सरांचा अहवाल माझ्या टेबलावर. 'सदर यंत्रात ऑपरेटरने परस्पर फेरफार केल्यामुळे मेसेज येऊ शकला नाही.' त्यावर संचालकांनी आदेश काढला, की मशीन क्रमांक सातच्या निष्काळजी हाताळणीबद्दल ऑपरेटरने तीन दिवसांत खुलासा करावा; खुलासा समाधानकारक नसल्यास करार पुढे वाढवण्यात येणार नाही. आदेश मीच टाइप केला. एकही चूक नव्हती. बाईंनी तो वाचला, पोच म्हणून सही केली, सहीखाली वेळही घातली आणि विचारलं, "खुलासा हाताने लिहिला तर चालतो ना? माझं मशीन जळालंय."

चौथ्या दिवशी संचालकांच्या दालनात बैठक झाली. अध्यक्षबाईंनी मुद्दाम थांबून घेतलं होतं. संचालकांना कुणाचं भलं करायचं नव्हतं की वाईट. त्यांना जेवणाच्या सुट्टीआधी संपवायचं होतं. ते टेबलावरची पेनं उंचीप्रमाणे लावत बसले. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात. सरांच्या हाताला पट्टी. वीस दिवसांची वैद्यकीय रजा मागणारा अर्ज त्यांनी आधीच दिला होता.

"बोला बाई," संचालक म्हणाले. "तुम्ही मशीन उघडलं होतं?"

"मला झाकण काढता येत नाही, साहेब. मी फोटो काढते."

"मग कुणी उघडलं?"

"मेकॅनिकने. सरांनी बोलावलं होतं."

"मी पोर्ट चालू करायला बोलावलं होतं," सर म्हणाले. "संरक्षण काढायला नाही. मी संरक्षण काढीन का? माझा विषय आहे तो."

मेकॅनिक दाराशी उभा होता. त्याने जॉबकार्ड टेबलावर ठेवलं. संचालकांनी मोठ्याने वाचलं, "पोर्ट कायमस्वरूपी चालू करणे." मग पुन्हा मनात वाचलं. "अक्षर तुमचंच आहे, सर. असं अक्षर दुसऱ्या कुणाचं नाही इथे."

"पण यात संरक्षणाचा उल्लेख कुठे आहे?" सर खरोखरच दुखावले होते. "बाईंनी परस्पर काहीतरी केलं असणार. त्या सारखं काहीतरी लिहीत असतात."

"लिहिलंय ना," बाई म्हणाल्या. त्यांनी तक्रारवही उघडली. आधी तेवीस नोंदींची पानं एकेक करून उलटली. घाई केली नाही. 'केबल बदलावी.' 'पाहिले.' 'केबल बदलावी.' 'पाहिले.' अध्यक्षबाई चष्मा लावून वाचत होत्या. शेवटी चिकटटेपचं पान आलं. बाईंनी वही संचालकांपुढे सरकवली.

"हा काय प्रकार?"

"सात नंबरमधून काढलेली कणी. तारीख वर आहे."

संचालक वाकले. अध्यक्षबाई वाकल्या. मी इतिवृत्त सोडून मान लांब केली. टेपखाली काळा, चपटा, नखाच्या टोकावर मावेल एवढा तुकडा होता. संचालकांनी वही उचलून सरांपुढे धरली.

"सर, हेच ना ते?"

सरांनी वही पट्टीच्या हातात धरली, जवळ घेतली, लांब नेली. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा मागमूस नव्हता. असता तर मला त्यांच्याबद्दल थोडा तरी आदर वाटला असता. त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, "हे काय आहे?"



"फ्यूज आहे, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "जास्त करंट आला की तापतो आणि वाट अडवतो. थंड झाला की वाट परत मोकळी. मशीन वाचतं ते ह्याच्यामुळे."

"मग मेसेज काय करतो?"

"मेसेज सांगतो फक्त. की ह्याने काम केलं."

सरांनी वही टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मला हे कुणी सांगितलं नाही." ताळेबंद बाई तिथे असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मला माहीत होतं, पण त्यांना बोलावलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी स्वतःच्या वहीत एक ओळ लिहिली, ती फार लांब नसावी. मग पर्समधून कायम करण्याच्या प्रस्तावाचा कागद काढला आणि विभागप्रमुखाच्या शेऱ्याच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे आजच लागेल."

सरांना पट्टीमुळे पेन नीट धरता येईना. शेरा मी लिहिला, 'काम उत्कृष्ट. नोंदी अचूक.' पहिले दोन शब्द संचालकांनी सांगितले, शेवटचे दोन अध्यक्षबाईंनी. खाली सही सरांची. चौदा वर्षांच्या सुरेख अक्षराची ती एवढीच सही अशी, की बँकेने परत पाठवावी. कार्यालयाने मात्र ती चालवून घेतली, कारण पेनं लावून झाली होती आणि जेवणाची वेळ झाली होती. पंचेचाळीस पूर्ण व्हायला एकोणीस दिवस असताना बाई कायम झाल्या. त्या दिवशी त्यांनी वहीत तारीख, वेळ घालून तेही लिहिलं आणि खाली सही केली.

तो फ्यूज तापला की मिनिटभरात थंड होऊन पहिल्यासारखा होतो, असं मेकॅनिक सांगतो. सरांना वीस दिवस लागले. परत आले तेव्हा त्यांच्या सिद्धांतात एवढाच फरक पडला होता, की 'एवढ्याशा' या शब्दाच्या जागी ते 'सूक्ष्म' म्हणू लागले. आदर्श विभागाचं प्रमाणपत्र आलं नाही. खिळा आहे, त्यावर आता सर छत्री अडकवतात. प्रश्नपत्रिकेत संरक्षण अजून मेसेजच करतो, कारण उत्तर बदलायला अभ्यास मंडळाची बैठक लागते आणि मंडळाचे अध्यक्ष सर आहेत.

बाराव्या दिवसाला मात्र संचालकांचा नवा आदेश आहे. सर नवी गुरुकिल्ली लावणार ती आधी बाईंनी माहिती दिल्यानंतरच, आणि बाईंनी मान डोलावल्याशिवाय नाही. बाई तक्रारवही उघडून टेपखालची कणी सगळ्यांना फिरवून दाखवतात, कोण काय अडवतं ते सांगतात, प्रश्न विचारतात, विचारू देतात. हे सगळं चाळीस मिनिटं चालतं. तेवढा वेळ सर खाली चहाला जातात. टाळ्यांच्या वेळेला वर यायचं त्यांचं एकदाही चुकलेलं नाही.